राखणीची पेंढी

ब्रॅकनहॅम, १२ फेब्रुवारी १९३५

सेलिना,

अठ्ठेचाळीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कोण गेलं, असा विचार करत बसू नकोस. जायचे ते केव्हाच गेले. माझा रूबेन जाऊनसुद्धा सहा वर्षं झाली. मी आहे, आणि तूही अजून आहेस हे मला गेल्या मंगळवारी कळलं. ऐकून आनंद झाला असं सांगणार होते, पण विनी म्हणते पत्रात खोटं लिहू नये.

विनी म्हणजे माझी सून, धाकट्याची बायको. मी सांगते, ती लिहिते. मला अजून अक्षर येत नाही. तू शाळेच्या बाकावर पाटी गिरवत होतीस तेव्हा मी गॅरडच्या शेतात खुळखुळा वाजवून कावळे हाकलत होते, हे तुला आठवत असेल. कावळ्यांना तर नक्की आठवत असेल. विनीला बजावलंय, मी बोलेन तसं उतरव, वरून तुझं मीठ घालू नकोस.

(घातलेलं नाही. — विनी)

तर गोष्ट अशी. येत्या मे महिन्यात राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं होतात. त्यासाठी शेजारच्या गावानं एक बाक बसवायचं ठरवलं. आमच्या महिला मंडळाचं बाकानं भागेना, त्यांनी गावाचा इतिहास छापायला काढलाय. पहिला माणूस इथं आला तिथपासून गेल्या वर्षी विजेचे खांब आले तिथपर्यंत. लिहिताहेत मिस ऑटवे, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. हातात कायम वही. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना पिळून काढतात.

माझ्याकडे तीनदा आल्या, लिहिलेलं वाचूनही दाखवलं. आधी म्हणे नदीतून होड्या वल्हवत सॅक्सन लोक आले, ओढ्याकाठची झाडं तोडली आणि एक मडकं मागं ठेवून मेले. त्या मडक्याला अडीच पानं. मग कुठल्याशा राजानं मोजणी केली: अठरा कुटुंबं, चार नांगर, साठ डुकरं. डुकरं मोजली, बायका मोजल्या नाहीत. मग महामारी, मग लोकरीच्या पैशावर बांधलेला चर्चचा मनोरा, मग चार जमीनदारांनी गावाचं गायरान कुंपण घालून वाटून घेतलं ते, मग तीन मैलांवरून निघून गेलेली रेल्वे. मी म्हटलं, बाई, सगळं छान आहे, पण यात माणसं कुठायत? तेव्हा त्यांनी रूबेनवर एक पान घ्यायचं कबूल केलं. ते मीच सांगितलं. चाळीस वर्षं गॅरडकडे गाडीवान, आणि काम अर्ध्यावर टाकून कधी घरी आला नाही. ऐकताना मिस ऑटवेंनी चष्मा पुसला.

मग मी हळूच म्हटलं, सुगीच्या प्रकरणात सरव्याची राणीही येणार असेलच. बाई एकदम खुलल्या. म्हणाल्या, “हो तर. इप्सविचहून सेलिना थर्लो बाईंनी बारा पानं लिहून पाठवलीत. काय अक्षर आहे! त्याच ना तुमच्या गावच्या शेवटच्या राणी?”

मी हातातला कप खाली ठेवला. नसता ठेवला तर फुटला असता.

सेलिना, शेवटची राणी मी होते. शहाऐंशीच्या सुगीत, घंटेच्या शेताच्या फाटकाशी सरवा वेचणाऱ्या सदतीस बायकांनी हात वर करून मला निवडलं. त्यात एक हात तुझा होता. माझं नाव या जगात कुठंही लिहिलेलं नाही. लग्नाच्या वहीत माझ्या हातची फुली आहे. चर्चसमोरच्या दगडावर लढाईत गेलेल्यांची अकरा नावं आहेत. त्यातलं एक माझ्या थोरल्याचं, कुठलं ते मी बोटानं ओळखते. पण तेही त्याचं, माझं नाही. माझं असं एक नाव या पुस्तकात यायचं होतं, आणि नेमकी तिथं तू येऊन बसलीस, बारा पानांचा घोळ पसरून.

ती पानं परत मागव. तुझं तिकडे कापडाचं दुकान आहे म्हणे, दारावर पाटी आहे. एका बाईला तेवढं पुरे.

डॉर्कस केरिज

(खालची फुली त्यांनी स्वतः काढली आहे. — विनी)


इप्सविच, १९ फेब्रुवारी १९३५

प्रिय डॉर्कस,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सुनेचं अक्षर स्वच्छ आहे, तिला तसं सांग. रूबेन गेल्याचं मला ठाऊक नव्हतं.

आता पुस्तकाविषयी. मी मिस ऑटवेंना सत्य तेवढंच कळवलं आहे. त्यांनी चाल कशी होती ते विचारलं होतं, म्हणून मी लिहिलं: शेतातलं पीक गाड्यांत भरून गेलं, की मालक एक पेंढी मागे उभी ठेवी. ती राखणीची पेंढी. ती उभी आहे तोवर सरवा वेचायला एकाही बाईनं आत पाऊल टाकायचं नाही. ती उचलली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चर्चची घंटा व्हायची, राणी फाटक उघडायची, आणि मग जमिनीवर पडलेल्या ओंब्या जी वेचेल तिच्या. आदल्या संध्याकाळी अख्खं शेत स्वतःच्या पायांनी फिरून पेंढी गेल्याची खात्री करायची, हे राणीचं काम. त्यासाठीच तर राणी.

शहाऐंशी साली तू फाटक उघडलंस तेव्हा पेंढी उभी होती. पलीकडच्या कोपऱ्यात, ओकच्या झाडामागे. गॅरड घोड्यावरून आला. बोटानं पेंढी दाखवली, आणि सदतीस बायकांना पोराबाळांसकट बाहेर काढलं. दुपारी त्यानं त्या शेतात डुकरं सोडली. घरटी सहा-सहा आठवड्यांचं दळण डुकरांच्या पोटात गेलं. त्या हिवाळ्यात कोणाकोणाच्या घरी नुसत्या सलगमांवर दिवस काढले, ते तुला सांगायला नको.

तुझ्या डोक्यावर राणीची फीत होती ती आठपासून पावणेनऊपर्यंत. पुढचे तीन आठवडे उरलेल्या तीन शेतांवर बायकांना मी नेलं. पुढच्या वर्षी गॅरडनं घोड्यानं ओढायचं मोठं दाताळं आणलं, काडी न काडी ओढून घेतली, आणि राणीचं कामच उरलं नाही. मग शेवटची कोण? पाऊण तासाच्या राणीला राणी म्हणावं का, हे मी मिस ऑटवेंवर सोपवते.

तुझी शुभचिंतक,
सेलिना थर्लो


ब्रॅकनहॅम, २८ फेब्रुवारी १९३५

सेलिना,

“शुभचिंतक” हे विनीला मी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

तुझी स्मरणशक्ती चांगली आहे. इप्सविचच्या हवेत टिकत असेल. पण एक गोष्ट तू बारा पानांत लिहिली नाहीस आणि पत्रातही नाही. ती पेंढी तिथं आली कशी? शेत मोकळं झालं होतं, मला पक्कं माहीत होतं. पेंढीला पाय नसतात. सेलिनाला होते, आणि चांगले लांब होते.

फायदा कुणाचा झाला ते बघ म्हणजे चोर सापडतो, असं माझी आई म्हणायची. आईही राणीच होती, नऊ सुग्या, गुडघे गेले तोवर. बायकांनी मला बाविसाव्या वर्षी राणी केलं ते तिच्या नावावर आणि माझ्या आवाजावर. तुझ्या आवाजाला कधी कोंबडीही दचकली नाही. मला फीत बांधली त्या दिवशी तुझं तोंड कच्चं सफरचंद खाल्ल्यासारखं झालं होतं, मी पाहिलं.

आणि ते तर निमित्त. रूबेन आधी तुमच्या कुंपणापाशी रेंगाळायचा. त्या उन्हाळ्यात तो आमच्या कुंपणापाशी रेंगाळायला लागला. तेव्हापासून तुझ्या पोटात दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं दिसत नाही. त्या दिवशी बायकांनी माझी फीत काढायची ठरवली तेव्हा पुढं कोण झालं? सदतीसांतली कुणीही चालली असती. तूच आलीस. माझ्या केसांतली निळी फीत सोडलीस, तिथल्या तिथं हातावर गुंडाळलीस आणि खिशात टाकलीस. मी तुझे हात पाहत होते. थरथरत नव्हते.

आणि जानेवारीत माझ्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायलाही तूच. वहीत माझी फुली, आणि खाली तुझं नाव, शेवटच्या अक्षराला शेपटीसारखं वळण देऊन. जणू नवरी तू. पुढच्या आठवड्यात गाव सोडलंस, माझा निरोपही घेतला नाहीस. आता पन्नास वर्षांनी परत आलीस ती थेट पुस्तकातून.

विनी म्हणते, आई, फार झालं. मी म्हटलं, अजून सुरुवात आहे.

डॉर्कस


इप्सविच, ६ मार्च १९३५

डॉर्कस,

पेंढी मी ठेवली नाही. प्रार्थनेच्या पुस्तकावर हात ठेवून हे लिहिते आहे, डाव्या हातानं कागद धरता येत नाही म्हणून ओळ वाकडी गेली.

मी तुला एकच विचारते. शेत मोकळं झाल्याचं तुला “पक्कं माहीत होतं” म्हणतेस. कसं? तू आदल्या संध्याकाळी शेत फिरून पाहिलंस का? गॅरडनं तुला हे सगळ्यांसमोर विचारलं होतं. तू मान खाली घातलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. तुझ्यासारखी बोलकी बाई. “नाही फिरले, माझं चुकलं,” एवढंच म्हणाली असतीस तर बायकांनी तुला माफ केलं असतं. तू गप्प राहिलीस म्हणून त्यांनी फीत काढली. माझ्या हातून काढली, हे खरं.

सेलिना थर्लो


इप्सविच, २३ एप्रिल १९३५

डॉर्कस,

सात आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. तू आजारी असशील असं वाटून मी मिस ऑटवेंना विचारलं. त्यांनी कळवलं की तू ठणठणीत आहेस आणि चर्चच्या सजावटीवरून पाद्रीबाबांच्या बायकोशी भांडली आहेस. मला बरं वाटलं.

मिस ऑटवेंनी मला तपासायला सुगीचं प्रकरण पाठवलं, त्यासोबत चुकून रूबेनचं पानही आलं. मी ते वाचलं. तुझेच शब्द आहेत, ऐकू येतात. “सुगीत शेवटची गाडी त्याची. घंटेच्या शेतातली राखणीची पेंढीही मालकाच्या हुकुमानं तोच उचलून आणायचा, दर वर्षी, न चुकता.”

मी चष्मा काढून ठेवला आणि दुकान पुतण्यावर सोडून घरी आले.

ती पेंढी उचलायचं काम रूबेनचं होतं, हे मला माहीत नव्हतं. गॅरडच्या चार गाडीवानांपैकी कुणाचं तरी असेल, एवढंच मी धरून चालले होते. म्हणजे तू शेत फिरली नाहीस, कारण त्यानं तुला शब्द दिला होता. “मी उचलतो, तू खुशाल फाटक उघड,” असंच ना? आणि गॅरडनं विचारलं तेव्हा तू मान खाली घातलीस ती एवढ्याचसाठी.

मग आता मीही एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. त्या संध्याकाळी रूबेन पेंढी उचलायला गेला नाही, कारण तो ओढ्यावरच्या फळीपाशी माझ्याजवळ उभा होता.

सेलिना


ब्रॅकनहॅम, ३० एप्रिल १९३५

सेलिना,

विनीनं तुझं पत्र वाचलं आणि खाली ठेवलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. मग मी बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे घातले. सकाळीच घातले होते. कोंबड्यांनी तक्रार केली नाही.

हो. त्यानं शब्द दिला होता. शब्दही तुझ्या पत्रात आहेत तेच. रिकामी गाडी घेऊन आमच्या दारावरून जाताना म्हणाला. मी फीत इस्त्री करत होते, आणि त्यानं सांगितल्यावर शेत कशाला फिरायचं? पहाटे तो दुसऱ्या शेतावर गेला, मी घंटेला फाटक उघडलं. पुढचं तू लिहिलंसच.

गॅरडला त्याचं नाव सांगितलं असतं तर त्यानं त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं असतं. कामाबरोबर मालकानं दिलेलं खोपटंही गेलं असतं, आणि त्यात त्याची आंधळी आई. म्हणून मी गप्प बसले. बायकांचं दळण गेलं त्याची बोलणी मी खाल्ली. दोन वर्षं विहिरीवर माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. रूबेननं एकदाच विचारलं, “सांगितलं का नाहीस?” मी म्हटलं, “तू सांगितलंस का?” डिसेंबरात त्यानं लग्नाचं विचारलं.

पेंढी तू ठेवली नाहीस हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुझ्यावर घातलं, कारण त्याच्यावर घालण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि तू लांब होतीस.

पण त्यानं मला काय सांगितलं होतं माहीत आहे? घोडीचा नाल निसटला, लोहाराकडे उशीर झाला, म्हणून राहिलं. त्या घोडीला मी एकोणपन्नास वर्षं दोष देत आले. मेली तेव्हासुद्धा मी म्हटलं, बरं झालं.

(इथं आई उठून पुन्हा कोंबड्यांकडे जाऊन आल्या. — विनी)

आता मला एवढंच सांग. तो तिथं उभा राहून काय बोलत होता? बेचाळीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढली. तो टोपी विसरला नाही, डबा विसरला नाही, रविवारी बूट पुसायचे विसरला नाही. विझवलेली शेगडी उठून दोनदा बघायचा. जन्मात एकदाच काहीतरी विसरला, आणि ते तुझ्याजवळ उभा असताना. माझ्यासाठी तो कधी काही विसरला नाही, सेलिना. राणीपद राहू दे बाजूला. ही एक पेंढी मला सहन होत नाही.

काय बोलत होता ते लिही. गोड करून लिहू नकोस, तुला ती सवय आहे.

डॉर्कस


इप्सविच, ६ मे १९३५

डॉर्कस,

आज इथं रस्त्यांवर राजाचे झेंडे लागलेत, दुकान बंद आहे. निवांतपणे लिहिते. गोड करत नाही. करण्यासारखं त्यात काही नाही.

तो टोपी हातात धरून उभा होता. म्हणाला, “सेलिना, मी डॉर्कसला विचारणार आहे. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो.” एवढं बोलायला त्याला अर्धा मिनिटही लागलं नसेल. मग मी रडले. मी थांबेपर्यंत तो उभा राहिला. मला थांबायची घाई नव्हती. तेवढ्या वेळात तुझी पेंढी राहिली.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

मी घरी गेले ती शेताच्या कडेनं. सूर्य मावळत होता. ओकमागे ती पेंढी उभी होती, लांब सावली पडली होती, म्हणूनच दिसली. मला वाटलं, राणी फिरायला येईल आणि पाहील. सकाळी फाटकाशी मी तुझ्या मागे तिसरी होते. तू कडीवर हात ठेवलास, घंटा सुरू झाली. “थांब,” एवढा एक शब्द पुरे होता. तो माझ्या तोंडात होता, डॉर्कस. पण तुझ्या केसांत ती फीत होती, इस्त्री केलेली, आणि माझ्या कानात आदल्या संध्याकाळी ऐकलेलं तुझं नाव होतं. मी ओठ मिटून घेतले. सदतीस घरांचं दळण मी तिथं गिळलं. डुकरांचं नाव उगाच झालं.

तुझी फीत सोडताना माझे हात थरथरत नव्हते, कारण मी दात घट्ट आवळले होते.

तुझ्या दृष्टीनं माझ्याकडे दारावर पाटी आहे. त्या पाटीवर “थर्लो आणि पुतणे” लिहिलं आहे. नवरा त्यात आहे, त्याच्या भावाची मुलं आहेत. मी चाळीस वर्षं मोजून कापड फाडलं, मी त्यात नाही. मला मूल झालं नाही. ब्रॅकनहॅमनं मला कधी हाक मारली असेल तर ती त्या तीन आठवड्यांत. मला ती हवी होती. तुझ्याकडे सून आहे, कोंबड्या आहेत, रूबेनचं पान आहे. गेले तीन महिने तुझ्या प्रत्येक पत्रानं माझा जीव जळला आहे, हेही गोड न करता लिहिते.

आजच मिस ऑटवेंना कळवते आहे. माझी बारा पानं रद्द करावीत. शेवटची राणी डॉर्कस केरिज. मी नव्हते.

सेलिना


ब्रॅकनहॅम, १४ जुलै १९३५

सेलिना,

तू कायम एक पाऊल मागं असतेस. तुझं पत्र मिस ऑटवेंना मिळालं त्याच्या दोनच दिवस आधी मी काठी टेकत त्यांच्या घरी जाऊन आले होते. सांगून आले, शेवटची राणी सेलिना थर्लो, तीन आठवडे चालवलं तिनं, माझा पाऊण तास धरू नका. कारण मी मनात म्हटलं, खरं सांगायचं तर रूबेनचं पान फाडावं लागेल, आणि ते मला जमणार नाही. तुझ्यासाठी नाही केलं, गैरसमज नको.

मग तुझं पत्र गेलं. मिस ऑटवे छत्री आपटत माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, “फेब्रुवारीत दोघी म्हणत होता मी राणी, मे महिन्यात दोघी म्हणता ती राणी. मी सॅक्सनांचं मडकं जुळवलं, पण तुमच्या दोघींमधे मी पडणार नाही.” मी म्हटलं, तिचंच नाव घाला, मी मोठ्या मनानं देतेय. त्या म्हणाल्या, त्यांनीही अगदी असंच लिहिलंय. इतका संताप झाला मला. मोठं मन दाखवायची पाळी आली तर तिथंही तू बरोबरीला.

पुस्तक निघालं. राजाच्या समारंभाला दोन महिने उशिरा, आपल्यामुळे. हजार वर्षांचं गाव एकशेचार पानांत बसलंय. मडक्याला अडीच पानं तशीच आहेत. डुकरं आहेत, साठच्या साठ. गायरान आहे, मनोरा आहे, अकरा नावं आहेत, विजेचे खांब आहेत. रूबेनचं पान जसंच्या तसं आहे: काम अर्ध्यावर टाकून कधी घरी आला नाही. असू दे. एकदा आला ते आपल्या दोघींना माहीत आहे, गावाला कशाला?

आणि पान एकाहत्तर. विनीनं वाचून दाखवलं, मी पाठ केलं: “सरव्याची शेवटची राणी कोण होती, हे आज गावात कुणाला आठवत नाही.”

दोघीही जिवंत असताना. मी हसले. मग पुन्हा हसू आलं, तेव्हा विनीनं पाणी आणून दिलं.

तुझं शेवटचं पत्र मी विनीकडून पाच वेळा वाचून घेतलं. “थांब” म्हणाली नाहीस ते मी विसरणार नाही. माफ केलं असंही म्हणवत नाही, सदतीस घरांचं होतं ते, माझं एकटीचं नाही. पण मी तुझ्या जागी तिसरी उभी असते, आणि तो आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर टोपी धरून तुझं नाव बोलून गेला असता, तर मी काय केलं असतं याचा विचार केला. मी ओठ मिटले नसते. मी पुढं होऊन तुझ्यासाठी फाटक उघडून धरलं असतं.

घोडीची माफी मागायला तिला पुरलंय तिथं जाऊन आले.

फक्त एक राहिलं. तो माझ्यासाठी विसरला की तुझ्यासाठी, ते मला अजून ठरवता येत नाही. आला होता माझं सांगायला, थांबला तुझ्या रडण्यासाठी. तू रडलीस तर तो टोपी काढून उभा राहिला. मी रडले की तबेल्यात जायचा. हे मला आजही टोचतं आणि ते टोचणारच. तुला तेवढं सुख असू दे.

या पत्राबरोबर पुस्तक पाठवत नाही. तुझ्यासाठी घेतलेली प्रत इथं कपाटात आहे. पान एकाहत्तरवर, त्या ओळीशेजारी, मी माझ्या हातानं एक फुली काढून ठेवली आहे. लग्नाच्या वहीत काढली होती तशीच, थोडी वाकडी. तिच्याखाली नावापुरती जागा आहे.

सुगीला ये. घंटेच्या शेतात आता यंत्र चालतं, पण ओक आहे आणि फाटकही आहे. विनी उकडलेल्या पिठाची डंपलिंग चांगली करते, माझ्याइतकी नाही. निळी फीत अजून तुझ्याकडे असेल, नाही म्हणू नकोस, मी तुला ओळखते. ती आण, आणि तुझा चांगला पेन आण. त्या फुलीखाली कुणाचं नाव लिहायचं ते तू ठरव. विनीला ताकीद दिली आहे, ते मला वाचून दाखवायचं नाही. म्हणजे मला भांडता येणार नाही.

डॉर्कस

(ताकीद मिळाली आहे. पण सेलिनाबाई, नाव लिहिताना थोडं ठसठशीत लिहा. त्या बोटानं बघतात. — विनी)